पन्नास गुण, एक सायकल: कबड्डी स्पर्धेतून मदतनिधी कसा उभारावा

कबड्डीचा सामना रंगात आला की निवेदकाच्या टेबलावर चिठ्ठ्या येऊ लागतात. कुणी एका चढाईत दोन गडी टिपले की लगेच पुकारा होतो, "या चढाईसाठी अमुक मित्रमंडळाकडून पाचशे रुपये रोख बक्षीस!" कुस्तीच्या फडातही हीच रीत. खेळ आवडला की जागेवर खिशात हात घालायचा, हे आपल्या गावांत कुणाला शिकवावं लागत नाही. पण मदतनिधीसाठी स्पर्धा भरवणारी मंडळं नेमकी हीच सवय बाजूला ठेवतात. वर्गणी वेगळी मागितली जाते, स्पर्धा वेगळी होते. शेवटी मांडव, माईक, चषक आणि जेवणावळी यांतच सगळे पैसे जातात आणि ज्या कामासाठी घाट घातला त्याच्या वाट्याला मोठा पुठ्ठ्याचा धनादेश आणि छोटी रक्कम येते.

गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी तीन संध्याकाळची कबड्डी स्पर्धा भरवून एखाद्या कामासाठी दीड-दोन लाख उभे करायचे असतील तर काय, कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहितो आहे. क्रिकेट, व्हॉलीबॉल, खो-खो किंवा धावण्याची शर्यत असेल तरी बरंचसं लागू पडेल. कबड्डी निवडली कारण तिच्यात दर मिनिटाला काहीतरी मोजण्यासारखं घडतं, आणि निधी उभारायला हेच सगळ्यात उपयोगी पडतं.

आधी काम, मग स्पर्धा

"गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी" असं फलकावर लिहिलं तर वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. "वाड्यांवरून पायी येणाऱ्या मुलींसाठी तीस सायकली" असं लिहिलं तर तो विचारतो, एक सायकल कितीला? हा प्रश्न यायलाच हवा. म्हणून काम असं निवडा की त्याचा एक नग सांगता येईल, त्याची किंमत सांगता येईल आणि संपल्यावर झालं की नाही हे कुणालाही डोळ्यांनी दिसेल. सायकल, वाचनालयाचं कपाट, दवाखान्यातला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, अंगणवाडीचा पाण्याचा फिल्टर, काहीही चालेल.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० मध्ये कॅप्टन टॉम मूर या ९९ वर्षांच्या निवृत्त सैनिकाने शंभरावा वाढदिवस येईपर्यंत वॉकर धरून आपल्या बागेत १०० फेऱ्या मारायचं ठरवलं. आरोग्यसेवेच्या मदतीसाठी एक हजार पौंड जमावेत एवढीच इच्छा होती. जमले तीन कोटी पौंडांहून जास्त. टाळेबंदीच्या काळातली लोकांची मनःस्थिती त्यामागे होती हे खरंच, पण शंभर फेऱ्या, आज किती झाल्या, किती उरल्या, हे लहान मुलालाही कळत होतं, त्याचाही वाटा मोठा होता.

आपल्या उदाहरणात सायकलच धरू. कुलूप, घंटी, कॅरिअरसकट सहा हजार रुपये धरले तर तीस सायकलींचे १,८०,०००. तुमच्या गावचा खरा भाव दोन दुकानांतून लेखी आणा, कारण स्पर्धेच्या आधीच कुणीतरी विचारणार आहे. त्याही आधी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटा. मानव विकास कार्यक्रमाखाली काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारी अनुदान मिळतं. तुमचा तालुका त्यात असेल तर कोण सुटलं आहे, हे शाळेलाच ठाऊक असतं. यादी शाळेने करावी, मंडळाने नव्हे. मंडळाने केली की त्यात भाऊबंदकी आणि राजकारण दोन्ही शिरतं.

दोन पेट्या

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मैदानावर कामासाठी जाहीर झालेला एकही रुपया स्पर्धेच्या खर्चात जाता कामा नये. त्यासाठी पहिल्या दिवसापासून पैशाच्या दोन पेट्या करा, एक खर्चाची आणि एक कामाची. खर्चाची पेटी मैदानात नारळ फुटायच्या आधी भरलेली असली पाहिजे.

खर्च असा असतो: मॅट किंवा मातीचं मैदान, प्रकाशझोत आणि जनरेटर, मांडव, ध्वनिक्षेपक, पंच व गुणलेखकांचं मानधन, संघांचं जेवण आणि प्रवासभत्ता, रोख बक्षिसं, चषक, रुग्णवाहिका, विमा, छपाई. यातली प्रत्येक ओळ एकेका माणसाला किंवा दुकानाला वाटून द्या. इलेक्ट्रिकवाल्याने दिवे द्यावेत, किराणा दुकानदाराने तांदूळ-डाळ द्यावी, पतसंस्थेने पहिलं बक्षीस उचलावं. "स्पर्धेला देणगी द्या" म्हणण्यापेक्षा "तीन संध्याकाळचं पाणी तुमच्याकडून" म्हटलं की लोक लवकर हो म्हणतात. आणि जी ओळ कुणीच उचलली नाही ती छोटी करा. चषक दोन फुटांचा झाला म्हणून स्पर्धा लहान होत नाही.

हे जमलं की निवेदकाला बेधडक सांगता येतं, "इथे जमणारा प्रत्येक रुपया सायकलीत जाणार आहे." हे वाक्य खरं असेल तरच ते तीन दिवस सारखं म्हणता येतं.

कंपनीकडे जात असाल तर एक माहिती हाताशी ठेवा. सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकामासाठी बाजूला काढलेला पैसा स्पर्धेच्या खर्चाला मागू नका. मॅरेथॉनसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरचा, जाहिरातीवरचा किंवा प्रायोजकत्वाचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाणार नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं आहे. स्पर्धेचं प्रायोजकत्व हवं असेल तर कंपनीच्या जाहिरात विभागाकडे जा. सायकलींसाठी सीएसआर हवं असेल तर ज्या न्यासाची सीएसआरसाठी नोंदणी आहे त्याच्यामार्फत स्वतंत्र प्रस्ताव द्या. दोन्हींची सरमिसळ केली की अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे, हे आधी. मंडळ नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर त्याच्याच खात्यावर घ्या. नोंदणी नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच ही. मुदत संपल्यावर हिशोब सादर करावा लागतो. तिसरी वाट म्हणजे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या विश्वासू न्यासाशी लेखी करार करून क्यूआर कोड आणि पावत्या त्यांच्याच वापरायच्या. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ही तिसरी वाट धरावी, असं माझं ठाम मत आहे. कुणा एका कार्यकर्त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर मात्र एक रुपयाही नको, तो कितीही सज्जन असो. त्याच्या सज्जनपणाचं रक्षण म्हणूनच नको.

करसवलतीबद्दल लोक विचारतातच. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती सवलत त्या न्यासाकडे तशी मान्यता असेल तरच मिळते. दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही, आणि देणाऱ्याने नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट त्याला मिळतच नाही. हे आधीच सांगा. मोबदल्यात काही दिलं असेल, म्हणजे जाहिरात, खुर्ची, जेवण, तर ती देणगी नव्हे. पावतीपुस्तकं दोन ठेवा आणि न्यासाच्या सीएला एकदा दाखवून घ्या.

मैदानाच्या परवानग्या ठरलेल्या आहेत: ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा ना-हरकत दाखला, पोलीस ठाण्याची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी, महावितरणची तात्पुरती जोडणी. जिल्हा कबड्डी संघटनेची मान्यता अजिबात विसरू नका. मान्यता असली की पंच मिळतात आणि नोंदणीकृत खेळाडूंना निर्धास्त खेळता येतं.

लकी ड्रॉची तिकिटं विकायची कल्पना कुणीतरी नक्की काढेल. नको म्हणा. खासगी लॉटरी चालवणं कायद्यात बसत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

तारीख

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, माईक लावणंही बरं दिसत नाही. गावात पैसा कधी असतो तेही बघा. सोयाबीनच्या पट्ट्यात माल विकल्यावर, उसाच्या पट्ट्यात बिलं जमा झाल्यावर, नोकरदारांच्या गावात पगाराच्या आठवड्यात. जिल्हा निवड चाचणीची तारीख संघटनेला विचारून टाळा, नाहीतर चांगले संघ येणार नाहीत.

सोळा संघ, बाद पद्धत, म्हणजे पंधरा सामने. शुक्रवारी दोन मैदानांवर पहिल्या फेरीचे आठ. शनिवारी चार उपांत्यपूर्व आणि एक प्रदर्शनीय सामना. रविवारी दोन उपांत्य, एक प्रदर्शनीय आणि अंतिम. रोज पाचला सुरुवात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, म्हणून अंतिम सामना नऊच्या आत सुरू झालाच पाहिजे. उद्घाटनाची भाषणं वीस मिनिटांत आवरली तर हे जमतं.

गुणामागे रुपये

आता मुख्य भाग. बक्षीस पुकारण्याची जी रीत आहे तिला थोडं वळण द्यायचं. देणारा एका चढाईला पाचशे देण्याऐवजी स्पर्धेतल्या प्रत्येक गुणामागे एक, दोन किंवा पाच रुपये कबूल करतो. दोन्ही संघांचे गुण धरायचे. कोण जिंकतं याच्याशी पैशाचा संबंध नाही आणि देणाऱ्याला परत काही मिळत नाही. ही दोन पथ्यं सोडू नका, कारण निकालावर पैसे लागले की ती पैज होते आणि मग पोलीसही येतात.

हिशोब असा मांडा. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी ५५ गुण धरले तर पंधरा सामन्यांत ८२५. दोन रुपये कबूल करणाऱ्याला साधारण १,६५० पडतात, पाच रुपयेवाल्याला ४,१२५. साठ माणसांनी सरासरी दोन रुपये लिहिले तर मैदानावरचा एक गुण १२० रुपयांचा झाला. सायकल सहा हजारांची. म्हणजे पन्नास गुणांना एक सायकल, आणि जवळजवळ प्रत्येक सामन्यात एक.

हे जुळून आलं की खेळाचा रंगच बदलतो. गुणफलकाच्या शेजारी दुसरा फलक उभा करा, त्यावर तीस सायकलींची चित्रं काढा आणि पन्नास गुण झाले की एक रंगवा. शाळेच्या मुलांना हे काम द्या, ती हातात ब्रश घेऊन वाट बघत बसतील. निवेदकाने म्हणावं, "तेराव्या सायकलीला चार गुण कमी आहेत, चढाईला कोण जातंय बघा!" एरवी एकतर्फी सामन्यात लोक उठून चहाला जातात. इथे हरणाऱ्या संघाचा बोनस गुणही कुणाच्या तरी सायकलीचं चाक असतो, म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत टाळ्या पडतात.

कबुलीचं कार्ड छोटं असावं, पोस्टकार्डाएवढं. नाव, मोबाईल, गुणामागे रुपये, कमाल मर्यादा, सही. बस. कमाल मर्यादेची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसली तर माणूस घाबरून एक रुपया लिहितो, असली तर मोकळ्या मनाने पाच लिहितो. दुकानात बोलणं साधारण असं होतं:

"काका, गुणामागे दोन रुपये लिहू का?"

"आणि किती गुण होतील रे? माझं दुकान विकायला लावाल."

"आठशेच्या आसपास होतील. सोळाशे-सतराशे रुपये. तुम्ही दोन हजारांची मर्यादा लिहा, त्यावर एक रुपया मागायला येणार नाही."

"मग तीन लिही. मर्यादा पंचवीसशे."

ही कार्डं स्पर्धेआधी तीन आठवडे भरून घ्या. दहा-दहा कार्डांचे गट्ठे करून प्रत्येक कार्यकर्त्याला एक गल्ली द्या. साठ कार्डं झाली की थांबू नका, पण तिथे पोचल्याशिवाय "पन्नास गुण, एक सायकल" ही घोषणा छापूही नका. मर्यादा लवकर गाठली जाऊ शकते, म्हणून गुणाचा भाव जाहीर करताना थोडा हात राखून धरा.

गुण कुणी मोजायचे? वेगळा मोजणारा बसवू नका. अधिकृत गुणपत्रकावर गुणलेखक आणि पंचांच्या सह्या झालेला आकडाच धरायचा. त्याचा फोटो त्याच रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. मग वादाला जागा राहत नाही.

ज्यांना एकाच क्षणावर मोठी रक्कम लावायची हौस आहे, त्यांच्यासाठी दुर्मीळ गोष्टी राखून ठेवा. सुपर टॅकल, म्हणजे तीन किंवा कमी गडी उरलेले असताना केलेली पकड, हिच्यासाठी एखाद्या ट्रॅक्टर विक्रेत्याने प्रत्येकी पाचशे ठेवावेत. लोण चढला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद झाला, की हजार, ते पतसंस्थेकडून. एकाच चढाईत तीन गुण झाले की दोनशे, ते माजी खेळाडूंकडून. इथे जुनी पुकाऱ्याची मजा तशीच राहते, फक्त निवेदक शेवटी जोडतो, "आणि हे पाचशे सायकलीच्या पेटीत!" कोणाला खेळाडूलाच बक्षीस द्यायचं असेल तर खुशाल देऊ द्या. त्याच्या हातचं काढून कामाला वळवू नका.

माहेरवाशिणी विरुद्ध सासुरवाशिणी

प्रदर्शनीय सामने गर्दी आणतात, आणि गर्दी आली की पेटी भरते. शिक्षक विरुद्ध माजी विद्यार्थी हा हमखास चालणारा सामना. ज्या गुरुजींनी पन्नास वर्षांच्या माणसाला कधीकाळी अंगठे धरून उभं केलं होतं, त्यांची पकड करायला तो माणूस शंभर रुपये आनंदाने देतो. पोलीस ठाणे विरुद्ध तहसील कार्यालय, डॉक्टर विरुद्ध औषध दुकानदार, पन्नाशी पार केलेले जुने खेळाडू.

माझ्या मते सगळ्यात रंगणारा सामना गावच्या लेकी विरुद्ध गावच्या सुना. लेकी त्यासाठी माहेरी येतात, त्यांच्याबरोबर जावई येतात, आणि जावयाने सासरच्या गावात हात आखडता घेणं अवघड असतं. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव पुरे. आधी दोन संध्याकाळी सराव ठेवा, गुडघ्याला पट्टे द्या, पंच महिला असावी, मैदानाभोवती फोटो काढणाऱ्यांची झुंबड होऊ देऊ नका. महिलांची कबड्डी २०१० पासून आशियाई स्पर्धांत आहे. तिच्याकडे गंमत म्हणून नव्हे, खेळ म्हणून बघितलं जाईल ही जबाबदारी निवेदकाची.

या सामन्यांत आव्हानं लावता येतात. "सरपंच वहिनी चढाईला गेल्या तर हजार", "मुख्याध्यापक मध्यरेषा ओलांडून परत आले तर पाचशे". मात्र ज्याच्यावर आव्हान लावायचं त्याला आधी विचारून घ्या. माईकवरून कोंडीत पकडणं बरं नव्हे.

तुला

आपल्याकडे ग्रंथतुला, गूळतुला करायची रीत आहे, आणि कबड्डीच्या वजनी गटाच्या स्पर्धेत वजनकाटा मैदानावर असतोच. विजेत्या संघाच्या सात खेळाडूंसाठी सात दाते शोधा. प्रत्येकाने एका खेळाडूच्या वजनाइतक्या वह्या शाळेला द्यायच्या. पासष्ट किलोचा गडी, पासष्ट किलो वह्या. दाता आधी ठरतो, खेळाडू कोण हे अंतिम सामन्यानंतरच कळतं. बक्षीस समारंभात भाषणाऐवजी हे ठेवा. तराजूच्या एका पारड्यात घामाने भिजलेला कोपरारक्षक बसलेला आणि दुसऱ्यात मुलं वह्यांचे गठ्ठे रचताहेत, हे बघायला कुणी उठून जात नाही.

वह्यांचा हिशोब सायकलींपासून वेगळा ठेवा, कारण ही वस्तूरूप मदत आहे.

नारळ, जर्सी आणि पुढचा सोफा

उत्सवात नारळाचा लिलाव बऱ्याच गावांत होतो. मैदानपूजेच्या वेळी पाच नारळ ठेवा आणि रोज संध्याकाळी एक-दोन लिलावात काढा. त्यासोबत गावच्या जुन्या राज्यस्तरीय खेळाडूची जर्सी, जिल्ह्यातल्या एखाद्या प्रो कबड्डी खेळलेल्या खेळाडूने सही केलेली जर्सी मिळाली तर उत्तमच. लिलाव दहा मिनिटांचा, मध्यंतरात, आणि बोली बोलणाऱ्याने तिथेच पैसे भरायचे.

पहिल्या रांगेतले सोफे पाहुण्यांसाठी राखलेले असतात. त्यातले दहा विकायला काढा, एका संध्याकाळचे प्रत्येकी पाचशे. तीन दिवसांचे पंधरा हजार. एखाद्याने आपल्या आजोबांसाठी किंवा जुन्या प्रशिक्षकांसाठी सोफा घेतला तर निवेदकाने नाव घ्यावं. बाकी प्रवेश मोफतच ठेवा, दारात क्यूआर आणि पेटी ठेवा. तिकीट लावलं की कुंपणावरून बघणाऱ्या पोरांच्या मागे कार्यकर्ते धावत बसतात.

खाण्याचे स्टॉल महिला बचत गटांना द्या. त्यांचा नफा मागू नका, ती त्यांची कमाई आहे. स्वतःहून एका पदार्थाची विक्री कामाला दिली तर घ्यावी. जाड स्मरणिका छापण्याच्या मी विरोधात आहे. छपाईतच निम्मे पैसे जातात आणि ती कुणी वाचत नाही.

लांबची माणसं

मुंबई-पुण्याला गेलेली गावची माणसं सामने यूट्यूबवर थेट बघतात. पडद्याच्या कोपऱ्यात गुणांबरोबर सायकलींचा आकडा दाखवा आणि न्यासाचा क्यूआर सतत ठेवा. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावपटू एखादी संस्था निवडून आपल्या ओळखीच्यांकडून तिच्यासाठी निधी गोळा करतात. तोच मार्ग इथे वापरता येतो. मुंबईतल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकाने पुढाकार घेऊन "आपल्या वाडीच्या दोन सायकली" एवढंच लक्ष्य घ्यावं. लहान लक्ष्य लवकर पुरं होतं, आणि मग ते स्वतःच तिसरी घेतात.

परदेशातल्यांच्या बाबतीत जपून. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने देणगी देऊ शकतो. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी, तो मूळचा आपल्या गावचा असला आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याच्या लेखी परकीय देणगी ठरते आणि परकीय देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. अशा माणसाला नम्रपणे सांगा, आणि समालोचनात त्याचं नाव प्रेमाने घ्या.

खेळाडूंच्या पैशाला हात नको

बक्षिसाची रक्कम कमी करून, प्रवासभत्ता न देऊन किंवा "चांगलं काम आहे, तुम्हीही द्या" म्हणून संघांवर दडपण आणून निधी वाढवू नका. यातले कितीतरी खेळाडू दिवसभर रोजगार करून संध्याकाळी मैदानावर येतात, आणि त्या रोख बक्षिसावर त्यांचे बूट, खुराक चालतो. त्यांचा खेळ हीच त्यांची देणगी आहे. एखाद्या संघाने आपणहून काही दिलं तर ते माईकवरून सांगण्याआधी त्यांची परवानगी घ्या, नाहीतर बाकीच्या संघांची पंचाईत होते.

गॅलरी

मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेट इथे राष्ट्रीय कुमार कबड्डी स्पर्धेच्या वेळी प्रेक्षक गॅलरी कोसळली आणि शंभराच्या आसपास माणसं जखमी झाली. तात्पुरती गॅलरी उभारायची असेल तर अभियंत्याचा दाखला घ्या आणि किती माणसं बसतील तो आकडा तिच्यावर लिहा. बसवायला चार दमदार कार्यकर्ते ठेवा. हे जमत नसेल तर गॅलरी नकोच. जमिनीवर सतरंज्या, मागे खुर्च्या, त्यामागे उभे लोक, एवढ्यावर वर्षानुवर्षं उत्तम स्पर्धा झाल्या आहेत. मैदानाशेजारी डॉक्टर, बर्फ, स्ट्रेचर आणि रुग्णवाहिका जायला मोकळा रस्ता हवा. वाहनतळ त्या रस्त्यावर होऊ देऊ नका.

रोकड आणि वसुली

मैदानावरची पेटी कुलूपबंद. किल्ली एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे. सामने संपले की तिथेच तिघांसमोर मोजायची, आकडा वहीत लिहून तिघांनी सह्या करायच्या, आणि सोमवारी बँक उघडताच भरणा. पेटीतून चहाचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत.

जाहीर झालेला पैसा आणि हातात आलेला पैसा यांत नेहमी अंतर पडतं. पुकारलेली बक्षिसं वसूल करणं ही मंडळांची जुनी डोकेदुखी. उपाय एकच, वेळ घालवायचा नाही. अंतिम सामन्याच्या रात्रीच प्रत्येक कार्डधारकाला निरोप जावा: एकूण गुण इतके, तुमचा दर इतका, तुमची रक्कम इतकी, हा न्यासाचा क्यूआर. उत्साह तीन-चार दिवस टिकतो. त्यात ज्यांचे आले नाहीत त्यांच्याकडे ज्याने कार्ड भरून घेतलं त्यानेच जायचं, दुसऱ्या कुणी नाही. दहा दिवसांनी कबूल किती आणि जमा किती, हे दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. न देणाऱ्यांची नावं लावू नका. एखाद्याला खरोखर अडचण आली असेल.

त्याच कागदावर खर्चाच्या पेटीचाही हिशोब असावा, कुणी काय दिलं आणि कुठे गेलं ते. पुढच्या वर्षी कार्ड घेऊन गेलात की लोक हा कागद आठवून दर लिहितात.

सायकली देताना

खरेदीला तीन दुकानांची लेखी दरपत्रकं घ्या आणि त्यातलं एक गावचं असू द्या. सायकलींची उंची मुलींच्या उंचीप्रमाणे घ्या. सगळ्या एकाच मापाच्या घेतल्या की सातवी-आठवीच्या मुलींचे पाय टेकत नाहीत आणि सायकल घरी धाकट्या भावाकडे किंवा वडिलांकडे जाते. बिल न्यासाच्या नावाने, पैसे बँकेतून.

वाटप शाळेत, शाळेच्या वेळेत करा. मुलींना रांगेत उभं करून पुढाऱ्यांच्या हातून सायकलीचं हँडल धरतानाचे फोटो काढू नका, फ्लेक्सवर त्यांचे चेहरे छापू नका. वर्गातल्या मैत्रिणींसमोर "गरजू" म्हणून ओळखलं जाणं तेराव्या-चौदाव्या वर्षी फार बोचतं. तीस सायकली शाळेच्या आवारात रांगेने उभ्या आहेत, एवढा फोटो देणगीदारांना पुरेसा आहे.

लक्ष्यापेक्षा जास्त जमलं तर त्याचं काय करणार, हे कार्डावरच छापून ठेवा. त्या पैशातून शाळेत हवा भरायचा पंप, पंक्चरचं साहित्य आणि सुटे ब्रेक-पॅड ठेवा, आणि गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याशी वर्षभराचा दर ठरवून टाका. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात जाऊन किती सायकली रोज येतात ते मोजून या.